इन्स्पेक्टर शिरला नाही ती खोली

आमच्याकडे गडग्याला, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाला, जे दार असतं त्याला बेडं म्हणतात. दोन बाजूंना दोन खांब, त्यांना भोकं, आणि भोकांतून सरकवलेले आडवे बांबू. लहान पोरही ते सरकवू शकतं. गुरं आत येऊ नयेत एवढंच त्याचं काम, माणसाला अडवायला ते नसतंच. माणूस आपण होऊन थांबतो. बाहेरून हाक घालतो, आतून 'कोण?' असं आलं की काम सांगतो, आणि 'या' म्हटल्यावर बांबू सरकवतो. भिक्षेकरी थांबतो, भाजीवाली थांबते, नारळ पाडायला येणारा पाडेली खांद्यावर दोर घेऊन थांबतो. मी लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हापासून न थांबता आत आलेला पहिला माणूस म्हणजे कमिटीचा इन्स्पेक्टर.

ही गोष्ट तीस सालच्या थोडी अलीकडची. गावात पिसाळलेल्या कुत्र्यांचा आणि उनाड गुरांचा बंदोबस्त करायला एक कमिटी बसली होती. त्या कमिटीने घाटावरून हा गृहस्थ आणला. कुणाच्याही आवारात दिवसाउजेडी शिरून जनावर बांधण्याची जागा, किंवा जिथे जनावर असल्याचा संशय येईल ती जागा, बघायचा अधिकार त्याला दिलेला होता. जनावर कोठीत बांधत नाहीत हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण संशय कुठेही येऊ शकतो. ज्या घरी आंब्याची साठं, म्हणजे वाळवलेल्या रसाच्या पोळ्या, चांगली होत त्या घरी त्याला पुन्हा पुन्हा संशय येई. मग तो कोठीत उभा राहून मडक्यांवरची झाकणं काठीने उचलून बघे आणि विचारी, "हे काय? हे कशाचं?" घरातली बाई काय करील? एक साठ कागदात गुंडाळून हातावर ठेवी. तेवढ्याने संशय फिटे.

कुत्र्यांच्या बंदोबस्तासाठी नेमलेला हा मनुष्य कुत्र्यांना भीत असे. शिपाई पुढे, हा मागे. शिपाई म्हणजे इथलाच, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला तारेचा फास. इन्स्पेक्टरच्या हातात चांदीच्या मुठीची छडी. अंगात बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंध, पगडीखाली घेराची शेंडी. सकाळची संध्या झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाही, असं तो ज्याच्या त्याच्या ओटीवर बसून सांगे आणि मग शहाळं मागे.

आळीतल्या पुरुषांनी त्याला जे डोक्यावर घेतलं ते बघून मला त्याच्यापेक्षा त्यांचाच जास्त राग येई. शेजारचे वकील कोर्टात मोठमोठ्याने बोलणारे, पण इन्स्पेक्टर त्यांच्या गोठ्यात शिरला तेव्हा स्वतः कंदील धरून उभे राहिले. भर दुपारी. आमचे मामंजी तर कचेरीत अव्वल कारकून म्हणून जन्म घालवून घरी बसलेले. शिक्का दिसला की त्यांचे हात आपोआप जोडले जात. आमचे हे मुंबईला नोकरीवर होते, ते पत्रातून लिहीत: 'सरकारी माणसांशी नीट वागावे.' नीट म्हणजे कसं, ते लिहीत नसत.

मला प्रत्येक कामाची यादी करायची सवय आहे. पावसाआधी काय काय माळ्यावर चढवायचं, पावसानंतर काय उन्हात घालायचं, कुणाला काय परत करायचं. कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या, त्यामुळे ते करावंच लागे. त्या वर्षी कोठीत ज्या गोष्टींवर लक्ष ठेवायचं त्यांत मी उंदीर आणि वाळवी यांच्या खाली इन्स्पेक्टर असं लिहून ठेवलं होतं.

आता घरातली खरी गोष्ट. आमच्या घरात माझ्या थोरल्या नणंदबाई होत्या. मी त्यांना वन्सं म्हणे. लहानपणीच नवरा गेला, सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, केस काढले, आलवण नेसवलं. तेव्हापासून त्या या घरात राबत होत्या. पहाटे उठून विहिरीवरून पाणी, मग सोवळ्यातला स्वयंपाक, मग दुपारचं, मग रात्रीचं. मामंजींना सोवळ्यात शिजवलेलं अन्न लागे आणि ते वन्संनीच शिजवलेलं लागे. त्याबद्दल त्यांना कुणी कधी बरं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर मात्र ओटीपर्यंत ऐकू येई.

त्यांचं स्वतःचं म्हणावं असं घरात एकच होतं, तो कुत्रा. पावसाळ्यात गोठ्याच्या वळचणीला कुणीतरी टाकून दिलेलं पिल्लू त्यांनी तांदळाच्या पेजेवर वाढवलं. त्याला नाव नव्हतं. त्या नुसतं 'अरे' म्हणत आणि तो येई. दिवसभर तो मागल्या दारी, विहिरीपाशी, जिथून त्या दिसतील तिथे बसलेला असे. घरात शिरत नसे, कारण त्याला कळत होतं. इन्स्पेक्टरला जे कळत नव्हतं ते त्या कुत्र्याला कळत होतं, एवढंच मी म्हणते.

मार्गशीर्षात मांडवीच्या किनाऱ्याकडून एक कुत्रा पिसाळून वर आला. त्याने रस्त्यावरची दोन-चार कुत्री फाडली, एका गाईला चावला आणि शेवटी लोकांनी त्याला दगडांनी मारला. ते खरं होतं आणि भीतीही खरी होती. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाने माणूस कसा मरतो हे आमच्या माहेरच्या गावी मी पाहिलं आहे, मला ते कुणी शिकवायला नको. म्हणून मी त्याच दिवशी वन्संना सांगितलं की आपला कुत्रा दाव्याने बांधा. त्यांनी तो आधीच बांधला होता. आम्ही दोघींनी मिळून त्याच्या अंगावरून हात फिरवून बघितलं. एका कानाला जुनी चीर होती, मुंगसाने ओरबाडल्याची, कधीच भरून आलेली. दुसरी जखम नव्हती.

दुसऱ्या दिवशी कमिटीचा हुकूम निघाला. ज्या कुत्र्यांच्या गळ्यात कमिटीचा पितळी बिल्ला आहे ती घरी बांधून ठेवायची. ज्यांच्या गळ्यात नाही ती सगळी न्यायची आणि मारायची. बिल्ला अजूनही घेता येई, पण त्यासाठी घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतः कमिटीच्या जागेत जाऊन सही करायची असे. आमच्याकडे बिल्ला नव्हता. वन्संनी पावसाळ्यापूर्वी दोनदा मामंजींना सांगितलं होतं. मामंजी म्हणाले होते, "कुत्र्यासाठी मी सही करू?"

हुकूम वकिलांच्या ओटीवर वाचून दाखवला गेला. आम्ही बायका माजघराच्या दाराआड उभ्या होत्या. वकील इंग्रजीतून मराठीत करून सांगत होते. शिरायचा अधिकार, न्यायचा अधिकार, अडवणाऱ्याला शिक्षा, हे सगळं त्यांनी सावकाश, घसा साफ करून सांगितलं. मग एक वाक्य भराभर पुटपुटले आणि कागद मिटला.

मी दाराआडून म्हटलं, "ते शेवटचं काय होतं?"

"काही नाही हो, नेहमीचं असतं."

"नेहमीचं काय?"

वकिलांनी नाराजीने कागद उलगडला. "घरात शिरताना त्या घरातल्या बायकांच्या पडद्याचा आणि चालीरीतींचा योग्य तो मान राखावा. झालं?"

"झालं," मी म्हटलं.

इन्स्पेक्टर आमच्याकडे आला तो सकाळचा. बांबू सरकल्याचा आवाज झाला, हाक आली नाही. त्यावरून कोण ते कळलंच. मामंजी लगबगीने ओटीवर आले, पाट मांडला.

"आपल्याकडे एक कुत्रं आहे ना?" इन्स्पेक्टर म्हणाला.

"आहे. म्हणजे असतं मागल्या बाजूला. घेऊन जा. कायद्यापुढे आपण कोण?"

"बिल्ला?"

"छे, छे. बिल्ला कसला. खुशाल न्या."

हे बोलायला मामंजींना पान जुळवण्याइतकासुद्धा वेळ लागला नाही. ज्या लेकीच्या हातचं ते दोन वेळा जेवत होते, तिला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मी मागल्या दारी गेले. वन्सं रहाटावर होत्या. मी म्हटलं, "वन्सं, आलेत. मामंजींनी न्या म्हणून सांगितलं."

त्यांनी हातातली भरलेली कळशी खाली ठेवली. कुत्र्याचं दावं सोडलं. पडवीच्या टोकाला, गोठ्याला लागून, एक कोपऱ्याची खोली आहे. घरातली बाई विटाळशी झाली की चार दिवस तिथे बसते. कुणी तिला शिवत नाही, ती कुणाला शिवत नाही. जेवण दाराशी ठेवतात, पाणी वरून ओततात. खोलीला एक दार आणि गोठ्याच्या बाजूने एक गजांची खिडकी. वन्सं कुत्र्याला घेऊन त्या खोलीत शिरल्या आणि दार ओढता ओढता मला म्हणाल्या, "वहिनी, मी बसल्ये म्हणून सांगा त्यांना."

त्या खरंच बसल्या होत्या की नव्हत्या, ते मी विचारलं नाही. आजही मला माहीत नाही.

शिपाई आणि त्याच्या मागे इन्स्पेक्टर पडवीतून आले. खोलीतून कुत्रा गुरगुरला. इन्स्पेक्टर शिपायाच्या आणखी मागे गेला.

"या खोलीत काय आहे?"

मी स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हटलं, "कोपऱ्याची खोली आहे ती."

"आत जनावर आहे. आवाज येतोय."

"आहे ना."

"मग उघडा दार. मला अधिकार आहे."

"आत बाहेरची बसली आहे."

त्याने धोतराचा सोगा असा वर उचलला, जणू भरतीचं पाणी पडवीत आलं. चार पावलं मागे गेला. कोट गोठ्याच्या खांबाला लागला तेव्हा तोही झटकला.

"मग कुत्रं तेवढं बाहेर काढायला सांगा," तो लांबून म्हणाला.

"ती त्याला शिवलेली आहे. तुम्हाला चालत असेल तर या आणि हाताने धरून न्या."

त्याच्या शास्त्रात बाहेरचीने शिवलेल्या कुत्र्याला धरण्याची तरतूद होती की नव्हती, ते तो मनातल्या मनात शोधत असावा. मग म्हणाला, "हा सरकारी कामात अडथळा आहे."

"तुमच्याच कागदात लिहिलंय, चालीरीतींचा मान राखायचा म्हणून."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ज्यांच्या ओटीवर तुम्ही काल शहाळं प्यालात त्यांनी."

मामंजी मध्ये पडले. "साहेब, बायकांचं मनावर घेऊ नका. चार दिवसांचा प्रश्न आहे. मग खुशाल न्या."

इन्स्पेक्टर गेला. घरी जाऊन त्याने अंघोळ केली, असं शिपायाने नंतर आमच्या गड्याला सांगितलं. खोलीच्या दाराला त्याने हातही लावला नव्हता.

सासूबाईंनी विहिरीपाशी राहिलेली कळशी उपडी करून राखेने घासून घेतली आणि मला म्हणाल्या, "बरी आजच बसली ती."

"बसली खरी," मी म्हटलं.

"मला काय कळत नाही होय? गेल्या खेपेला कधी बसली होती ते मी तुला सांगू?"

"सांगा. इन्स्पेक्टरला सांगायचं का?"

त्या कळशी उचलून विहिरीकडे वळल्या. सासूबाईंना लेकीचा कळवळा होता असं मी म्हणणार नाही, पण घरातल्या बायकांचे दिवस बाहेरच्या पुरुषासमोर मोजायचे, इतक्या खाली त्या उतरल्या नसत्या.

मधल्या दिवसांत आळीतली इतर कुत्री गेली. वकिलांचं गेलं. तेही कंदीलवाल्यांनी स्वतःच गळ्यात दोरी बांधून शिपायाच्या हातात दिलं. पलीकडच्या घरच्या म्हाताऱ्या बाईने कुत्रं अंगणात रचलेल्या भाताच्या उडवीमागे लपवलं होतं. इन्स्पेक्टरने उडवी उसकटायला लावली, भात अंगणभर पसरला आणि कुत्रं शिपायाने फासात अडकवून नेलं. तिच्या मुलाने बेड्यापाशी इन्स्पेक्टरला नमस्कार केला. हे मी आमच्या माडीवरच्या खिडकीतून पाहिलं. आळी त्या आठवड्यात अशी गप्प झाली की रात्री मांडवीची लाट ऐकू येई.

पुढच्या खेपेला इन्स्पेक्टरने नवी युक्ती काढली. तो अंगणातच उभा राहिला, आणि शिपाई म्हणाला, "सायबानूं, मी जातो की आत. मना कसला आलाय इटाळ? हितंच गळ्यात फास घालून खेचतो."

"जा," इन्स्पेक्टर म्हणाला. "तुला काही दोष नाही. कामावर आहेस."

शिपाई पडवीच्या पायरीवर चढला आणि इतका वेळ हात जोडून उभे असलेले मामंजी एकदम ओरडले, "ए! खाली उतर! माझ्या पडवीत? माझ्या लेकीच्या खोलीत?"

"सायबांनी सांगितलं," शिपाई म्हणाला.

"साहेबांनी सांगितलं तर साहेबांनी शिरावं! हे ब्राह्मणाचं घर आहे! पुढच्या आठवड्यात वडिलांचं श्राद्ध आहे या घरात!"

लेकीचा कुत्रा न्यायला त्यांची हरकत नव्हती. लेक मनात काय म्हणेल याची त्यांना फिकीर नव्हती. पण शिपायाचा पाय पडवीच्या सारवणाला लागला आणि कायद्यापुढे आपण कोण हा प्रश्न त्यांना पडेनासा झाला. घरात शिरायचा अधिकार आणि घर बाटण्याची भीती या दोन गोष्टी एका अंगणात समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि दोन्ही माझ्या मते तितक्याच पोकळ होत्या. शिपाई उतरला. जाता जाता त्याने मामंजींच्या मागे माझ्या दाराकडे बघून डोळे मिचकावले. इन्स्पेक्टर आणि मामंजी यांच्याविषयी त्याचं मत आणि माझं मत फारसं वेगळं नसावं.

चार दिवस झाले. सकाळी सासूबाईंनी न्हाण्याचं पाणी तापवायला सांगितलं. पाणी तापलं. वन्सं आल्या नाहीत.

सासूबाई खोलीच्या दाराशी गेल्या. "अगो, ऊठ. पाणी निवतंय."

"माझं संपलं नाही," आतून आलं.

"संपलं नाही म्हणजे?"

"संपलं नाही म्हणजे संपलं नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणी उतरवलं आणि त्याच पाण्यात कपडे भिजत घातले. फुकट कशाला घालवायचं?

दुसऱ्या दिवशीही तेच. आणि मग माझ्या लक्षात आलं की वन्संचा आवाज बदललाय. जेवण द्यायला गेले तर त्या भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून बसलेल्या होत्या आणि कुत्रा त्यांच्या पायांवर हनुवटी ठेवून झोपलेला. एरवी त्या वेळी त्या रहाटावर असायच्या, चुलीपुढे असायच्या. त्यांना पाय पसरून बसलेलं मी लग्न झाल्यापासून पाहिलं नव्हतं. ते कोपऱ्यातले दिवस म्हणजेच त्यांच्या आयुष्यातली सुट्टी होती, हे घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मला ते आपल्या वाट्याचे कंटाळ्याचे दिवस वाटत. त्यांना वाटत नसावेत.

स्वयंपाक माझ्यावर आला. तो मी केला, नीटच केला. पण मामंजी पहिल्या घासाला ताट सरकवत. सोवळ्यात नाही, डाळ जास्त शिजली, भात मोकळा नाही, कोकमाचं सार पातळ. मी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तसंच केलं. आणि श्राद्ध तर तोंडावर आलं होतं. श्राद्धाचा स्वयंपाक घरातल्या सोवळ्या बाईने करायचा. वडे, खीर, पाच-सात भाज्या, तीन ब्राह्मण. मी सकेशा, सवाष्ण. मामंजींच्या रीतीत ते बसत नव्हतं. सासूबाईंची कंबर धरलेली. बाहेरून बाई आणावी तर तिच्या हातचं मामंजींना चालत नसे.

त्या संध्याकाळी मामंजी स्वतः पडवीच्या टोकाला आले. त्या खोलीच्या इतक्या जवळ ते कधी आलेले मला आठवत नाही. लांबच उभे राहिले, भिंतीकडे तोंड करून.

"परवा श्राद्ध आहे," ते म्हणाले.

"माहिताय," आतून.

"स्वयंपाक कुणी करायचा?"

"मी कशी करणार? मी बाहेरची."

"किती दिवस बाहेरची?"

मग वन्सं म्हणाल्या, "याच्या गळ्यात बिल्ला येईपर्यंत."

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मी सूप घेऊन तांदूळ पाखडत होते. पाखडत राहिले.

या बाबतीत पुरुषाला काही करता येत नाही. कमिटीचा कागद घेऊन कुणीही घरात शिरावं, कोठी उघडावी, भाताची उडवी उसकटावी. पण एखादी बाई म्हणते माझे दिवस संपले नाहीत, तर ते तपासायला कुणी जाणार नाही. इन्स्पेक्टर नाही, वकील नाही, बापही नाही. जिथे कुणी शिवत नाही अशी जागा या लोकांनीच बांधून ठेवली होती. तिचं दार आतून बंद होतं, हे त्यांच्या लक्षात त्या दिवशी आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी जाड उपरणं घेऊन, काठी टेकत, स्वतः कमिटीच्या जागेत गेले. लेक विधवा झाली तेव्हा तिच्या सासरी भांडायला गेले नव्हते. श्राद्धाचे वडे चुकू नयेत म्हणून गेले. आणि इन्स्पेक्टरलाच घेऊन आले, कारण बिल्ला द्यायचा तर जनावर प्रत्यक्ष बघूनच द्यायचा, असा नियम होता.

म्हणजे पुन्हा तीच गाठ. बघितल्याशिवाय बिल्ला नाही, आणि बिल्ल्याशिवाय दार नाही.

"खिडकीतून बघा," मी दाराआडून सांगितलं. "गोठ्याच्या बाजूने."

गोठ्याच्या बाजूला शेणाचा खड्डा आहे. त्या दिवशी तो भरलेला होता. मी भरवला नव्हता, तो भरायचाच होता. इन्स्पेक्टर एका हाताने नाक आणि दुसऱ्या हाताने धोतर धरून खड्ड्याच्या कडेने गेला आणि खिडकीपासून पाच हात लांब उभा राहिला.

"पाणी पाजून दाखवा," तो ओरडला. "पिसाळलेलं जनावर पाण्याला घाबरतं."

वन्संनी करवंटीत पाणी ओतलं. कुत्र्याने लपलप करून ते संपवलं आणि करवंटी चाटली. मग इन्स्पेक्टरकडे बघून एकदाच भुंकला. इन्स्पेक्टरचा पाय मागे गेला. मागे खड्डा होता. अगदी आत नाही, पण घोट्यापर्यंत गेला.

कुणी हसलं नाही. शिपाई खाली बघून आपल्या काठीचा फास तपासत होता.

"ठीक आहे," इन्स्पेक्टर म्हणाला. "जनावर निरोगी आहे."

बिल्ला वन्संच्या हातात देता येत नव्हता. त्याने तो खिडकीच्या गजांतून आत टाकला आणि लगेच हात मागे घेतला. आतून पितळ फरशीवर पडल्याचा आवाज आला. मग वन्संचा आवाज आला, "वहिनी, पाणी तापवा."

श्राद्धाचा स्वयंपाक त्यांनी नेहमीसारखाच केला. वडे फुगले, खीर लागली नाही. मामंजींनी तीन ब्राह्मणांना आग्रह करकरून वाढलं, आणि 'आमच्या घरी शास्त्र अजून जपलं जातं' असं त्यांना सांगितलं. गेल्या आठवड्याबद्दल एक अक्षर नाही. मला अपेक्षाही नव्हती.

श्राद्धात पितरांच्या नावाने कावळ्याला घास ठेवतात, गाईला ठेवतात, तसा कुत्र्यालाही ठेवतात. तो घास दरवर्षी गड्याकडून बेड्याबाहेर ठेवला जाई. आळीतलं जे कुत्रं आधी येई ते खाई. त्या वर्षीही गड्याने पान बेड्याबाहेर ठेवलं आणि मामंजी ओटीवर उभे राहून वाट बघू लागले. कावळे येऊन गेले. गाईचा घास गाईने खाल्ला. कुत्र्याचं पान तसंच. आळीत तो घास खायला यायला कुत्रं उरलंच नव्हतं, हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

वन्सं सोवळ्यातून मोकळ्या होऊन बाहेर आल्या. बेड्यापर्यंत गेल्या, पान उचललं, सगळ्यांच्या देखत अंगणातून मागे आणलं आणि कोपऱ्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठेवलं.

"अरे," त्या म्हणाल्या.

तो आला. गळ्यातला बिल्ला पानाला लागून वाजत होता. मामंजी उपरणं सावरून आत गेले. पितरांचा घास कुणीतरी खायला हवाच होता.